धुराची चव येत नाही, आली तर कडवट येते: काय काय तपासायचं

दरवर्षी थंडी पडली, मंडईत भरताची हिरवी-पांढरी वांगी दिसायला लागली, की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं, पण तो वास काही आला नाही. असा एखादा मसाला नाही का, टाकला की झालं?" माझं माहेर यावल तालुक्यातलं, संसार पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, आणि गेली पंधरा वर्षं मी घरून डबे देते. हा एकच बिघाड मी स्वतःच्या, जावेच्या, शेजारणींच्या आणि न्यू जर्सीतल्या भाच्याच्या स्वैपाकघरात इतक्यांदा दुरुस्त केलाय, की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी घोडं कुठे अडलंय ते कळतं. बहुतेक वेळा मसाला आणायची गरजच नसते.

गंमत म्हणजे आजीच्या घरी "धुरकट" ही तक्रार होती. ओलं सरपण चुलीत गेलं की दूध धुरकट व्हायचं, आणि आजोबा एक घोट घेऊन चहाचा कप तसाच खाली ठेवायचे. तोच वास आता आम्ही दुकानात शोधतोय.

लक्षणं

तुमचं यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा. उपाय त्यावर अवलंबून आहे.

१. वास अजिबात नाही. भाजून, धुरी देऊनही भाजी साधीच लागते.
२. झाकण उघडताना मस्त वास येतो, ताटात वाढेपर्यंत गायब.
३. वास आहे, पण जिभेच्या मागे कडू आणि राखेसारखं लागतं.
४. वास रॉकेलसारखा, औषधासारखा किंवा जळक्या प्लास्टिकसारखा.
५. "स्मोकी" म्हणून पुडी आणली. रंग आला, धूर नाही.
६. घरभर धूर, डोळ्यांतून पाणी, पदार्थ मात्र कोरा.

धूर येतो कुठून

एवढं एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लाकडात लिग्निन नावाचा कडक भाग असतो. लाकूड धुमसतं तेव्हा तो फुटतो आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी वासाची द्रव्यं सुटतात. आपण ज्याला चुलीचा वास म्हणतो तो बराचसा यांचा. गॅसमध्ये लाकूड नाही, त्यामुळे स्वच्छ निळ्या आचेला हा वास नसतोच. गॅसवर वांगं भाजताना जो धूर निघतो तो वांग्याच्या सालीचा असतो. साल जळली नाही तर धूर कुठून येणार?

दुसरं, ही वासाची द्रव्यं पाण्यापेक्षा तेला-तुपात जास्त मुरतात आणि ओलसर पृष्ठभागाला चिकटतात. कोरड्या, चरबी नसलेल्या पदार्थाला कितीही धूर दाखवा, तो वरच्या वर निघून जातो. दुसऱ्या लक्षणाचं मूळ नेहमी इथेच सापडतं.

तपासणी १: नाक आणि मीठ (खर्च शून्य)

हसू नका, निम्मे फोन इथेच संपतात. ज्यानं अर्धा तास ओट्यापाशी उभं राहून वांगी भाजली, त्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. त्याला वास येणारच नाही. दहा मिनिटं बाल्कनीत जा, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून चाखायला द्या. माझी जाऊ एकदा "काहीच वास नाही गं" म्हणत तिसऱ्यांदा धुरी द्यायला निघाली होती. तेवढ्यात जिन्यातून वर येणाऱ्या दिरांनी विचारलं, "आज भरीत का?"

मग मीठ. धुराची चव अळणी पदार्थात दबून जाते. चिमूटभर मीठ आणि चमचाभर कच्चं तेल घालून, हलवून, पुन्हा चाखा. खान्देशात भरतावर वरून कच्चं तेल सोडतात ते उगीच नाही.

एकच सांगते, मीठ म्हणून काळं मीठ टाकू नका. बरेच जण काळं मीठ आणि धुराचा वास यांची गल्लत करतात. त्याचा वास गंधकाचा, उकडलेल्या अंड्यासारखा. चाटमध्ये चालतो, भरतात नाही.

तपासणी २: भाजल्यावर वांगं नळाखाली धरता का?

पहिल्या लक्षणाचं हे सगळ्यांत मोठं कारण. साल पटकन निघावी म्हणून लोक भाजलेलं वांगं वाहत्या पाण्याखाली धरतात. वांगं पांढरंशुभ्र निघतं, दिसायला छान दिसतं, आणि मिळवलेला सगळा धूर सिंकमध्ये जातो. त्याऐवजी गरम वांगी पातेल्यात घालून वर घट्ट झाकण ठेवा, दहा मिनिटं तशीच राहू द्या. वाफेनं साल सुटते, आणि सालीचा वास आतल्या गरात उतरतो. मग एका वाटीत पाणी घ्या, बोटं त्यात बुडवत बुडवत साल काढा. बोटं धुवायची, वांगं नाही. सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या. पातेल्याच्या तळाशी जो तपकिरी रस जमतो तो मोरीत ओतू नका, भरतात घाला. सगळ्यांत जास्त धूर त्यातच असतो.

तपासणी ३: भाजताय की शिजवताय?

वांगं फॉइलमध्ये गुंडाळून गॅसवर ठेवलं, कढईत झाकण घालून ठेवलं किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं, तर ते शिजतं. मऊ होतं. साल जळत नाही, म्हणजे धूर नाही. ओव्हनवाल्यांनी निदान शेवटची दहा मिनिटं वरची आच पूर्ण लावून साल काळी करावी.

गॅसवर असं करा. वांग्याला तेलाचं बोट फिरवा, सुरीनं दोन-तीन टोचे मारा. टोचे मारले नाहीत तर वांगं फुटतं आणि मग ओटा पुसत बसावं लागतं. आच आधी मोठी, साल सगळीकडून काळी पडून चुरचुरायला लागली की मध्यम. देठाकडचा भाग सगळ्यांत उशिरा शिजतो, म्हणून शेवटी वांगं देठावर उभं करून सांडशीनं धरायचं. दाबल्यावर वांगं पिशवीसारखं बसलं की झालं.

जाळी कुठली वापरता तेही बघा. बाजारात चमकदार, जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त जाळ्या मिळतात. थेट मोठ्या आचेवर तो मुलामा तापून उडतो, आणि तो धूर पोटात जायचा नाही, नाकातही नाही. स्टेनलेस स्टीलची किंवा साधी लोखंडी जाळी घ्या.

आता आच. वांग्यावर तेलकट काजळी बसत असेल, भांड्यांची बुडं काळी होत असतील, ज्योत पिवळी असेल, तर तो धूर नव्हे, अर्धवट जळलेला गॅस. चौथ्या लक्षणातला रॉकेलसारखा वास बहुतेक वेळा याचाच. बर्नर गार करून काढा, साबणाच्या पाण्यात घासा, भोकं पिननं मोकळी करा, पूर्ण वाळवून परत बसवा. ज्योत निळी झाली तर काम झालं. नाही झाली तर शेवटचा भाग वाचा.

जे वांग्याचं तेच वाटणाचं. शेवेची भाजी किंवा काळ्या मसाल्याचा रस्सा "गावासारखा लागत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते, कांदा-खोबरं कशात भाजलं? उत्तर ठरलेलं असतं, कढईत, तेलावर. गावाकडे अख्खा कांदा सालीसकट निखाऱ्यात खुपसतात आणि खोबऱ्याची वाटी थेट विस्तवावर धरतात. ती पेटते, फुंकून विझवायची, परत धरायची. खोबऱ्यातलं तेल जळून जो धूर निघतो तो त्याच खोबऱ्यात मुरतो. गॅसवरही हे होतं. खोबऱ्याचा तुकडा चिमट्यात धरा, पेटला की तीन-चार सेकंदांत फुंकून विझवा, कडा काळी झाली की बास. पूर्ण कोळसा केला तर तिसरं लक्षण पदरात पडतं. पदर मात्र खोचून घ्या, हे खरंच सांगते.

तपासणी ४: मिसळणाचा डबा उघडा

इतकं करूनही धूर कमी वाटत असेल तर दुकानात जायच्या आधी घरातलं शोधा.

मसाला वेलची, म्हणजे ती मोठी, काळपट, सुरकुतलेली. सिक्कीम, दार्जिलिंगचे डोंगर, नेपाळ, भूतान इथे ती पिकते, आणि जुन्या पद्धतीच्या भट्टीत खाली लाकडं पेटवून वर वेलची पसरून वाळवतात. वाळता वाळता ती धूर पिते. आपल्या डब्यातला हा एकच मसाला असा, ज्यात खऱ्या लाकडाचा धूर आयता भरलेला असतो. पण अलीकडे सुधारित भट्ट्यांत धूर नळीवाटे बाहेर काढतात. तिथली वेलची लालसर, तकतकीत, दिसायला सुंदर, भावही चांगला मिळतो, आणि धुराचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला नेमकी ती कुरूप, काळी, सुरकुतलेली वेलची हवी. दुकानदाराला एक फोडून दाखवायला सांगा. फोडल्यावर कापरासारखा गारवा आणि मागून चुलीचा वास आला पाहिजे. चार माणसांच्या डाळीला एक पुरते. ठेचून, साल न टाकता, फोडणीत घालायची. साल टाकून दाणे तेवढे घेतले तर धूरही टाकलात, कारण तो सालीत असतो.

दगडफूल. हा दगडाझाडांवर वाढणारा, बुरशी आणि शेवाळ यांच्या भागीदारीतून बनलेला जीव. गोड्या मसाल्यात असते, काळ्या मसाल्यातही असते. कच्चं हुंगलं तर जुन्या कपाटासारखं लागतं, म्हणून लोक "वास गेलाय" म्हणून फेकून देतात. त्याचा वास तेलात मंद परतल्यावरच जागा होतो. निवडून घ्या, त्यात झाडाची साल आणि माती असते. याचा धूर लाकडाचा नाही, मातकट आणि खोल आहे. रश्श्याला चालतो, भरताला नको.

तव्यावर करपवलेली सुकी मिरची तिसरी. काळी होईपर्यंत नाही, जांभळट तपकिरी होईपर्यंत. ठसका लागेल, खिडकी उघडा.

तपासणी ५: कोळशाची धुरी

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला गैरसमज असा की वास कोळशाचा येतो. कोळसा म्हणजे आधीच कमी हवेत जळून गेलेलं लाकूड. त्यातली वासाची द्रव्यं कोळसा करतानाच उडून गेलेली असतात, म्हणूनच चांगला पेटलेला निखारा जवळजवळ बिनधुराचा असतो. धुरीतला धूर निखाऱ्यावर पडलेल्या तुपाचा असतो. त्यामुळे तूप शिळं, खवट असेल तर धुरीही खवट. लवंग, दालचिनीचा तुकडा, लसणाचं साल निखाऱ्यावर ठेवलं तर त्यांचा वास त्यात मिसळतो. मी लसणाचं साल आणि एक लवंग वापरते.

कोळसा कुठला? लाकडाचा, हातात हलका, आपटला तर टणटण वाजणारा. कोकणातून येणारा करवंटीचा कोळसा उत्तम. दगडी कोळसा कधीही नाही. हुक्क्यासाठी किंवा धुपासाठी मिळणाऱ्या, काडी लावली की तडतडत पेटणाऱ्या गोल वड्याही नाहीत. त्या लवकर पेटाव्यात म्हणून त्यांत रसायन घातलेलं असतं, आणि चौथ्या लक्षणातला औषधी वास त्याचाच. एका शेजारणीनं देवघरातली धुपाची वडी वापरून दाल तडक्याला धुरी दिली होती. सगळी डाळ टाकावी लागली. तिला अजून चिडवतो आम्ही.

निखारा नीट करा. जाळीवर ठेवून सहा ते आठ मिनिटं, मधे एकदा उलटा करायचा. काळा ठिपका कुठेही राहिलेला चालत नाही. पूर्ण लाल होऊन वर करडी राख आली की चिमट्यात धरून सिंककडे तोंड करून एक फुंकर मारा, राख उडवा. ही फुंकर चुकली तर राख डाळीत आणि तिसरं लक्षण ताटात. अर्धवट पेटलेला कोळसा ठेवला तर तूप जळत नाही, नुसतं शोषलं जातं, आणि पहिलं लक्षण येतं.

पदार्थ तयार ठेवा. फोडणी, मीठ, कोथिंबीर सगळं आधी. उकळता नको. रटरटणाऱ्या भाजीतून वाफ वर येत असते, ती धुराला खाली बसूच देत नाही. गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा. भांडं निम्म्याहून जास्त भरलेलं नको, धुराला जागा लागते. मधोमध स्टीलची छोटी वाटी किंवा कांद्याचा खोलगट पापुद्रा ठेवा, त्यात निखारा, त्यावर तूप.

तूप किती? पाव चमचा, फार तर अर्धा. चमचाभर ओतलं तर भडका उडतो, आणि भडका म्हणजे काजळी. तूप पडलं की चर्र होऊन दाट पांढरा धूर फुटतो, दुधाच्या सायीसारखा जाड. त्याच क्षणी झाकण. काळा धूर दिसला तर झाकण लावू नका, वाटी बाहेर काढा आणि नवा निखारा घ्या. तूप फार तापलं की त्यातून डोळ्यांना झोंबणारं अ‍ॅक्रोलिन निघतं, तो तिखट कडवटपणा एकदा पदार्थात गेला की साखर घाला नाहीतर लिंबू पिळा, जात नाही.

झाकण बसतं का बघा. सहाव्या लक्षणाचं कारण हेच. धूर कडेनं बाहेर येत असेल तर ओला पंचा पिळून काठाभोवती गुंडाळा, गॅस बंद आहे ना ते पाहून.

वेळ: डाळ, रायतं, ताक यांना दोन मिनिटं. भरीत, पनीर, चिकन यांना चार ते पाच. दहा मिनिटं ठेवून जास्त वास येत नाही, पहिल्या काही मिनिटांनंतर तो निखारा नुसता विझत असतो आणि विझणाऱ्या निखाऱ्याचा वास राखेचा असतो. पातळ रश्श्यात धूर फक्त वरच्या तवंगाला लागतो, म्हणून झाकण काढून ढवळा आणि हवं तर नव्या निखाऱ्यानं एकदा परत द्या. तवंगच नसेल तर आधी चमचाभर तेलाची फोडणी ओता. ताकाला धुरी देणाऱ्यांनी सायीसकट दह्याचं ताक घ्यावं, साय काढलेल्याला वास धरत नाही.

आणि हे सगळं खिडकी उघडी ठेवून. शेवटच्या भागात का ते सांगते.

तपासणी ६: विकत आणायचंच असेल तर

आच नाही, कोळसा नाही, भाड्याच्या खोलीत इंडक्शन आहे, त्यांच्यासाठी हे. भाच्याची अडचण हीच. निखारा पेटवला की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलतो आणि सगळी इमारत खाली उतरते. तो भोंगा काढून ठेवू नको असं मी त्याला बजावून सांगितलंय.

पाचवं लक्षण जवळजवळ नेहमी पाप्रिकाचं. साधी पाप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, आपल्या काश्मिरी मिरचीसारखी रंगाची. तिच्यात धूर नसतो. पुडीवर "स्मोक्ड" असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. सगळ्यांत नावाजलेली स्पेनच्या ला वेरा भागातली. तिथे मिरच्या ओकच्या लाकडाच्या मंद धुरावर जवळजवळ पंधरा दिवस वाळवतात, मग दळतात. गोड, मध्यम, तिखट अशा तीन तऱ्हा मिळतात. भरताला गोड घ्या, तिखटपणा आपल्या हिरव्या मिरचीचा राहू द्या. चार माणसांच्या भरताला पाव ते अर्धा चमचा. कडकडीत तेलात टाकली की दोन सेकंदांत जळते, म्हणून गॅस बंद करून कोमट तेलात. आधी साधी लाल पूड आणून नंतर "अजून दोन चमचे घातली तरी धूर नाही" म्हणणाऱ्यांनी पुडी परत वाचावी. घटकांत नुसता "स्मोक फ्लेवर" लिहिलेला असेल तर ती धुरावर वाळवलेली मिरची नव्हे, वरून वास मारलेली पूड आहे.

मेक्सिकोची चिपोत्ले ही पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. तिखट आहे, मटणाच्या रश्श्यात फार छान जाते. चीनच्या फूजिअन प्रांतातला लापसांग सूचाँग चहा पाइनच्या धुरावर वाळवतात. छोले, राजमा भिजवताना किंवा शिजवताना त्याची पुरचुंडी सोडली तर चांगला धूर उतरतो, पण मापात. जास्त झाला की औषधाच्या बाटलीची आठवण येते. हे चैनीचे पदार्थ आहेत, नाही मिळाले तर अडत नाही.

लिक्विड स्मोक, म्हणजे बाटलीतला धूर. लाकडाचा धूर थंड करून पाण्यात उतरवायचा आणि डांबर, काजळी गाळून टाकायची. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट यांनी १८९५ साली तो बाजारात आणला. अमेरिकेत वाण्याच्या दुकानात सहज मिळतो, इथे मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन. हिकरीच्या लाकडाचा सौम्य, मेस्कीटच्या लाकडाचा उग्र. आपल्या जेवणाला हिकरी. तीन थेंब चमचाभर पाण्यात मिसळून, अर्ध्या किलो भरताला, शेवटी. बाटलीतून थेट ओतला तर संपलंच. भाच्यानं पहिल्यांदा चमचाभर घातला होता. "मावशी, भरीत नाही, जळालेलं घर खाल्ल्यासारखं वाटतंय."

यावर माझं मत: अधूनमधून थेंबभर ठीक, रोजच्या डब्यात नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये तिथे वापरात असलेले आठ धूरस्वाद, म्हणजे असेच बाटलीतल्या धुराचे प्रकार, तपासले. त्यातल्या सहांबद्दल पेशींतल्या जनुकीय द्रव्याला इजा होण्याची चिंता नोंदवली, उरलेल्या दोघांबद्दल ती शक्यता नाकारता आली नाही. २०२४ मध्ये युरोपीय संघानं त्यांच्या परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं, उत्पादकांना बदलासाठी काही वर्षांची मुदत देऊन. पण म्हणून निखाऱ्याची धुरी निर्धोक आणि बाटली विषारी, असं कुणी समजू नये. काळं जळालेलं आणि धूर खाल्लेलं रोज खाऊच नये, कुठूनही आलेलं असो.

तपासणी ७: खरं लाकूड

सगळ्यांत अवघड, सगळ्यांत महाग, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चवदार. यासाठी शेत पाहिजे. खान्देशात भरताची वांगी तुराट्यांवर नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. काड्या बारीक, वाळलेल्या, भुर्रकन जाळ होतो आणि साल एकदम सर्व बाजूंनी जळते. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या वांग्यात बिया कमी, साल पातळ, गर भरपूर, म्हणून धूर आतपर्यंत पोचतो. जाड सालीचं काळं वांगं याच जाळावर भाजलं तरी तेवढं होत नाही, हे मी दोन्ही शेजारी शेजारी भाजून पाहिलंय. अलिबागकडची पोपटी हाही याच जातीचा प्रकार, मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा, बाहेरून पेटवलेला पेंढा.

शहरातून कुणाच्या शेतावर जात असाल तर सरपण बघून घ्या. पूर्ण वाळलेलं आंबा, बाभूळ, तूर चालेल. ओलं लाकूड धुमसतं आणि कडवट काळपट थर देतं. प्लायवूड, रंगवलेली फळी, पॅकिंगच्या खोक्यांची लाकडं अजिबात नाही, त्यांत डिंक, रंग आणि औषधं असतात. कण्हेरीची काडी तर चुकूनही नाही, ती विषारी आहे. कणीस खोचायलाही तिची काडी घेऊ नका. ओळखू न येणारं लाकूड बाजूला ठेवा.

सोसायटीच्या गच्चीवर हे करायचा विचार असेल तर करू नका. मी एकदा केलं. भरीत अप्रतिम झालं, दंडाची पावती आली.

इथे थांबा, माणूस बोलवा

ज्योत पिवळीच राहते. बर्नर साफ करूनही आच निळी होत नसेल तर नोझल, हवेची पट्टी किंवा रेग्युलेटरचं काम आहे. ते पिन घालून मोठं करू नका. गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा आणि त्याला "काजळी धरते, दोन्ही बर्नरला की एकाच" एवढं नेमकं सांगा. एकाच बर्नरला असेल तर दोष शेगडीत, दोन्हींना असेल तर मागे नळी-रेग्युलेटरकडे बघावं लागतं.

गॅसचा वास येतोय. धुरी, भरीत सगळं सोडा. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण चालू नाही आणि बंदही नाही, घराबाहेर पडून १९०६ ला फोन. हा एलपीजी गळतीसाठीचा क्रमांक आहे. पाइपचा गॅस असेल तर बिलावर कंपनीचा आपत्कालीन क्रमांक असतो, तो आजच फ्रिजवर चिकटवा.

डोकं जड होतंय, मळमळतंय. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. बंद स्वैपाकघरात, एसी लावून, दोन-तीन निखारे पेटते ठेवून बसलात तर तो साठतो. ताबडतोब सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या. घेरी, उलटी किंवा झापड असेल तर १०८ ला फोन करून दवाखाना, घरगुती उपाय नाही. वापरलेला निखारा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, पाण्यात बुडवून चर्र थांबेपर्यंत वाट बघा. घरात दम्याचा माणूस असेल तर धुरी हा विषयच नको, मसाला वेलची वापरा.

स्वैपाक नसतानाही जळका वास येतो. मिक्सर, इंडक्शन किंवा बोर्डाजवळ हुंगून बघा. जळक्या प्लास्टिकचा वास तिथून येत असेल तर मेन स्विच बंद आणि इलेक्ट्रिशियन. बोर्ड स्वतः उघडायचा नाही.

आणि शेवटचं. घरातल्या चौघांना वास येतो आणि तुम्हाला एकट्याला महिनोन्‌महिने कशाचाच येत नाही, किंवा उलट, कुठेच धूर नसताना तुम्हाला सारखा धुराचा वास येतो, तर दोष कोळशात नाही, वेलचीतही नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडून डबा घेणाऱ्या एक ताई आठवडाभर रोज फोन करायच्या, "भाजी करपट येते हो." मी तीनदा भाजी बदलली. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "काकू, मला अंघोळ करतानाही येतोय." तेव्हा कुठे दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला. तपासल्यावर सायनसचं निघालं, औषधं सुरू झाली, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःहून भरीत मागवलं.